रांगेतला आठवा

४ मे
आज रुजू झाले. उमलाझी वस्तीतल्या दोन खोल्यांतून सुटून थेट एमखोबेनीच्या राखीव जंगलात! पत्र्याची का होईना, स्वतंत्र खोली, अंगणात माकडं आणि दारावर पाटी : थेंजीवे शोझी, तंत्रज्ञ. आईला ती फोनवर तीनदा वाचून दाखवली. काम समजायला सोपं आहे. बाहेरून येऊन माजलेली झुडपं, मुख्यतः रानमोडी आणि घाणेरी, बुडातून तोडायची आणि खुंट ओला आहे तोवर त्यावर निळं औषध फासायचं. निळा दिसला की मेला. हाताखाली सहा माणसं. त्यातल्या सर्वांत जुन्या बाईने, मा-ड्लादलाने, माझे कोरे बूट बघून विचारलं की, बाईसाहेब जंगलात निघाल्यात की कुणाच्या लग्नाला?

६ मे
झाडी इतकी दाट की शेजारचा माणूस दिसत नाही. म्हणून रांगेने चालताना थोड्या थोड्या वेळाने आकडे पुकारायचे. तंत्रज्ञ एक, मा-ड्लादला दोन, असं सातपर्यंत. आकडा आला नाही तर सगळ्यांनी जागीच थांबायचं. माझ्या आधीचा तंत्रज्ञ वेलेन्कोसी मार्चमध्ये ओढ्यापाशी साप चावून गेला. त्याचा ‘एक’ आला नाही, तेव्हा लोकांना वाटलं गडी थट्टा करतोय. हे सांगताना मा-ड्लादला पहिल्यांदाच हसली नाही.

८ मे
रानमोडीचं बी कपड्यांना, काटक्यांना चिकटून गावभर होतं. फाटकावर पाटी लावली : एकही फांदी बाहेर जाणार नाही, कारण कोणतंही असो. खाली माझी सही. पहारेकरी शांगे कुरकुरला की मग मी रोज संध्याकाळी केसही विंचरून दाखवू का, ताई? हसले, पण पाटी काढली नाही. नव्या माणसाने सुरुवातीलाच ढिलं सोडलं की पुढे कुणी जुमानत नाही.

१२ मे
शांगे जेवायला गेला होता, म्हणून फाटकावर मी उभी होते. एक म्हातारी ओढ्याकडून आली. हातात पांढऱ्या कापडात गुंडाळलेली फांदी. आत काय आहे, तीनदा विचारलं. तोंडातून शब्द नाही. मला राग आला. गुंडाळी ओढून घेतली आणि पेटलेल्या कचऱ्यावर टाकली. कापड जळालं तेव्हा काटे दिसले, जोडीजोडीने, एक सरळ, एक वाकडा. उम्लाहलान्कोसीचं झाड. माणूस जिथे मरतो, तिथून त्याच्या आत्म्याला याच फांदीवर घरी न्यायचं, आणि नेणाऱ्याने वाटेत दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही. माझ्या आजोबांना आणलं तेव्हा टॅक्सीत त्यांच्यासाठी एक सीट रिकामी ठेवली होती. हे सगळं मला ठाऊक होतं! म्हातारी म्हणाली, “मुली, तो माझा मुलगा होता.” मग मागे वळून ओढ्याकडे पाहिलं आणि तिथेच मातीत बसली.

वेलेन्कोसीची आई. मी पाय धरले. मला लाज वाटते आहे.

१४ मे
आज सातनंतर आकडा आला. आठ. लांबून, ओढ्याकडून. मी ओरडले की हा चावटपणा कोणाचा? सगळे माझ्याकडेच बघत होते.

१५ मे
आठ पुन्हा. जवळून. आम्ही न गेलेल्या भागात झुडपं तोडलेली आहेत, खुंट ताजे, निळे.

१७ मे
मा-ड्लादला म्हातारीकडे जाऊन आली. म्हणाली, आई दोनदा नवी फांदी घेऊन ओढ्यावर येऊन गेली. हाक मारली की तो म्हणतो, मी रांगेत आहे, बाई सोडत नाही. आता ज्याने अडवलं त्यानेच न्यायचं, असं आईचं म्हणणं. नाहीतर तो आपला जुना आकडा मागेल.
त्याचा जुना आकडा. माझा.

१९ मे
आज मी तोंड उघडायच्या आधी कोणीतरी म्हणालं, एक. माझ्या कानाशी. मा-ड्लादलाने लगेच दोन म्हटलं. तिला वाटलं मीच.

२० मे
मी ओरडत होते, एक, एक — कोणाला ऐकू गेलं नाही. रांग पुढे निघून गेली. अर्ध्या तासाने एकटीच झाडीतून बाहेर पडले.
उद्या त्याला घरी नेते. फाटकावर माझ्या वतीने मा-ड्लादला बोलेल.

२१ मे, सकाळ
उम्लाहलान्कोसीची फांदी तोडली. ओढ्यापाशी म्हणाले, दादा वेलेन्कोसी, चल, आई वाट बघतेय. फांदी जड झाली. आता बोलायचं नाही. फक्त लिहायचं.

फाटक
मा-ड्लादला आलेली नाही. शांगे रजेवर. नवा पहारेकरी कांगोचा, त्याला ही रीत माहीत नाही. पाटीवर बोट ठेवून विचारतोय, बाई, सही तुमचीच ना?
वहीत लिहून दाखवलं, भाऊ, जाऊ दे. त्याला आमची भाषा बोलता येते, वाचता नाही; पाटीवरचं कुणी तोंडी सांगितलंय.
हात जोडले. तो म्हणतो, मुक्या आहात का? आणि मागचा माणूस कोण?
बोटं निळी झालीत. औषधाला तर मी आज हातही —
फांदी ओढतोय — काटे तळव्यात — बोलायचं नाही, बोलायचं नाही —
“एक.”
मी नाही बोलले. आवाज माझ्याच तोंडातून आला, पण मी तर इथे, झाडीत, आणि माझं अंग घेऊन तो तिकडे फाटकातून बाहेर —