ओडेसाताईचं नाव

इंडियानोला, मिसिसिपी
१ फेब्रुवारी २०२५

ती. ओडेसाताईस लमारचा सा. न. वि. वि.

इकडे क्षेम. होल्कम्बसाहेबांच्या मासळीच्या तळ्यांवरची पाणी घुसळणारी यंत्रं दुरुस्त करतोय. कंपनीच्या माणसाने बोल्ट उलट्या आट्यांचा आहे हेसुद्धा पाहिलं नव्हतं.

पंधरा तारखेला चर्चच्या हॉलमध्ये वादसभा आहे: राज्याने प्राप्तिकर पार काढून टाकावा का? काढावा, असं मी बोलणार. पत्रकावर तुझंच उदाहरण छापलंय, की मोटेलच्या धुलाईखान्यात राबणारी माझी बहीण ओडेसाही सुखी होईल. गुडघा कसा आहे?

माया आहे तशी राहू दे.
तुझा लमार

ग्रीनव्हिल, ५ फेब्रुवारी

चि. लमारला अनेक आशीर्वाद.

पत्रक माझ्याआधी अख्ख्या धुलाईखान्याने वाचलं. आता मला सगळ्या बाईसाहेब म्हणतात. अरे, माझ्या पगाराला प्राप्तिकर लागतच नाही! मी कर भरते तो साबण, चपला, पेट्रोल घेताना, आणि तुमची मंडळी तोच वाढवायला निघालीत. होल्कम्बसाहेब नवं तळं खोदतील, तू नवी हत्यारं घेशील. मला काय? माझं नाव त्यातून काढून टाक.

जेवत जा वेळेवर.
ओडेसा

इंडियानोला, ८ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

तुझं म्हणणं बारकाईने तपासलं. बरोबर आहे. पण तोडगा आहे: माझा जो कर वाचेल, त्यातला निम्मा दर नाताळला तुझा. मग तर नाव राहू देशील? तेच लोकांना भिडेल.

राग नसावा.
लमार

ग्रीनव्हिल, ११ फेब्रुवारी

चि. लमारला आशीर्वाद.

सरकारने तुझ्याकडून घेऊन माझ्यासारखीला दिलं तर ती लूट, आणि तू दिलंस की माया, होय रे? तुझं मन मोठं आहे, ठाऊक आहे मला. पण दर नाताळला तुझ्या बायकोसमोर हात मी पसरायचा. सरकारी दवाखान्यात गुडघा दाखवते तेव्हा कुणाचे आभार मानत नाही. उलट रांगेवरून कुरकुरते. होल्कम्बसाहेबांचं नि माझं अंतर सोड, ते आहेच; पण अशाने आपल्या दोघांत अंतर पडेल.

सांभाळून राहा.
ओडेसा

इंडियानोला, १६ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल सभा झाली. बाजू मी सोडली नाही. ज्याची कमाई त्याची, हे अजूनही मानतो. पण उभा राहताच सांगितलं की बहिणीचं उदाहरण चुकलं, आणि ती काय म्हणते तेही शब्दन् शब्द सांगितलं. होल्कम्बसाहेबांनी विचारलं, की बाबा, तू नक्की कुणाकडून आलास? हात वर झाले तेव्हा आम्ही हरलो.

मार्चमध्ये याच विषयावर पुन्हा सभा आहे. समोरच्या बाजूने बोलायला पाद्रीबुवांना माणूस हवाय. तुझं नाव सुचवू का? अजून कुणाला बोललो नाही, तुझ्या उत्तराची वाट बघतोय.

आलीस तर भाऊ म्हणून माझी गय करू नकोस.
लमार