उजवी तर्जनी, नखाची डावी बाजू

४ मार्च
संकल्प: या महिन्यात एकाही डॉक्टरला 'इन्फेक्शन' एवढ्या एका शब्दावर सोडायचं नाही.

शेजाऱ्यांना अजून वाटतं मी हॉस्पिटलात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. पेशंट घरी गेला की त्याची फाइल वाचून प्रत्येक आजाराला कोड द्यायचा, त्यावर विम्याचे पैसे मिळणार, हे सांगायला लागलं की त्यांचे डोळे मिटतात. सोडून दिलं.

आज सर्जनसाहेबांची फाइल. पायाला जखम, पू, 'इन्फेक्शन', सही. कुठला पाय? कुठला जंतू? लॅबच्या रिपोर्टात नाव आहे, पण डॉक्टरांनी स्वतः लिहिल्याशिवाय मला ते धरता येत नाही. क्वेरी पाठवली: कृपया जंतूचा उल्लेख करावा. उत्तर आलं: त्याने ओळखपत्र आणलं नव्हतं.

आणि या माणसाला लोक स्वतःला कापू देतात.

५ मार्च
मी उर्मट आहे का? जेवताना प्रामाणिकपणे विचार केला. नाही. अचूक आहे.

सर्जनसाहेबांना आणखी चार क्वेऱ्या. विचाराच्या भरात उजव्या तर्जनीच्या नखाजवळचं कातडं दाताने तोडलं. ही सवय सोडायची.

७ मार्च
बोट ठणकतंय. ही म्हणाली, अहो, नखुरडं झालंय, दाखवून या. नखुरडं नावाचा कोड नाही, असं मी सांगितलं. म्हणाली, मग बोटाला तसं सांगा.

दाखवायचं कुणाला? आमच्याकडे बोटं बघणारे एकच, सर्जनसाहेब. ते 'इन्फेक्शन' लिहिणार, फाइल आमच्याच खात्यात येणार आणि नवी आलेली चष्मेवाली ती तशीच पास करणार. तिला काहीही चालतं. त्यापेक्षा गरम पाण्यात बोट बुडवलेलं बरं.

९ मार्च, सकाळी
जाडीत तर्जनीने अंगठ्याला मागे टाकलं. हिच्या दाढेच्या वेळच्या अँटिबायोटिक गोळ्या कपाटात उरल्या होत्या. एक घेतली. हिला सांगितलं नाही. उगाच काळजी करते.

१० मार्च
तीन झाल्या. सूज उतरली. बंद केल्या. कोर्स अर्धवट सोडू नये हे मला माहीत आहे. पण डॉक्टरने दिला तर तो कोर्स. ही चाचणी होती. यशस्वी.

चष्मेवालीला सगळ्यांदेखत सुनावलं की फाइलमध्ये लिहिलेलं नाही ते घडलंच नाही, असं धरायचं. ती 'हो सर' म्हणाली. डोक्यात काही शिरल्याचं दिसलं नाही.

१५ मार्च (डाव्या हाताने)
परवापासून बोट पुन्हा सुजलं. आज ताप. हिने काही न ऐकता टॅक्सीत कोंबलं.

सर्जनसाहेबांनी एक्स-रे बघितला. म्हणाले, हाडापर्यंत गेलंय. जंतू कळला तर नेमकं औषध देता येईल, नाहीतर वरच्या पेराचं काही खरं नाही. आधी काही औषध घेतलं का, विचारलं. नाही म्हणालो. हे खोटं आहे का? विचार केला. कुणी दिलंच नव्हतं, तर घेतलं कसं म्हणणार?

१८ मार्च
बोटातल्या पुवाच्या कल्चरचा रिपोर्ट: काहीच उगवलं नाही. लॅबवाल्यांना साधा जंतू वाढवता येत नाही. आमच्या फ्रीजमध्ये विसरलेल्या वाटीत न सांगता वाढतात.

सर्जनसाहेबांनी पुन्हा विचारलं, नक्की काही घेतलं नाही? पोटात गोळ्या गेलेल्या असल्या की नमुन्यात जंतू सापडत नाही म्हणे. मी पुन्हा नाही म्हणालो आणि लॅबच्या ढिसाळपणावर बोलायला लागलो. तेवढ्यात ही म्हणाली, अहो, माझ्या दाढेच्या गोळ्यांतल्या तीन कुठे गेल्या मग?

सर्जनसाहेबांनी माझी फाइल पुढे घेतली. खुर्ची ओढली, पेन काढलं आणि बराच वेळ लिहीत बसले.

२३ मार्च
अंदाजाने दिलेलं औषध लागू पडलं नाही. पेर गेलं.

हिने जेवण भरवलं. एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर माझं उत्तर तयार होतं.

१० एप्रिल
कामावर हजर. चष्मेवालीने माझी फाइल केव्हाच संपवली होती. म्हणाली, एकही क्वेरी काढावी लागली नाही सर.

वाचली. उजवा हात, तर्जनी, नखाची डावी बाजू. कातडं स्वतःच्या दाताने तोडलं. यायला उशीर. पत्नीच्या तीन गोळ्या परस्पर घेतल्या. दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हणाले. त्यामुळे जंतू कळू शकला नाही. अक्षरही स्वच्छ. चूक शोधली. पुन्हा शोधली.

चष्मेवाली म्हणाली, इतकी पूर्ण फाइल आपल्याला कधी मिळत नाही सर. नव्या बॅचला शिकवायला वापरू? नाव झाकून.

वापर म्हणालो.

दुपारी ट्रेनिंगच्या खोलीत फाइल पडद्यावर आली. नाव तिने नीट झाकलं होतं. पहिली ओळ वाचून झाली आणि सगळ्यांनी वळून माझ्या हाताकडे पाहिलं.