'सामायिक' फोल्डर

प्रिय दादा,

आपल्या प्रोग्रामच्या फोल्डरांची तू एवढी झाडलोट केलीस, तेव्हा मला आधी आनंदच झाला. इतकी वर्षं नुसता पसारा होता. तुझा सी भाषेतला जुना कोड, त्यात घुसलेला माझा फोनसाठीचा दुसऱ्याच भाषेतला, विंडोजचं एका कोपऱ्यात, मॅकचं भलतीकडे. एकाने काही हलवलं की दुसऱ्याचं मोडायचं आणि आपण भांडायचो. आता 'गाभा' वेगळा, 'फोन' वेगळा, 'संगणक' वेगळा आणि सगळ्यांना लागणारं ते 'सामायिक'मध्ये. पण दादा, तुझ्या टेबलावर चहाचे कप वाळून चिकटलेले असतात. तुला एकाएकी नीटनेटकेपणाचा पुळका कुठून आला?

घर एवढं चकाचक कोण करतं? ज्याच्याकडे गिऱ्हाईक येणार असतं, तो. मग मी बारकाईने बघायला लागले. 'सामायिक' जोडलं की प्रत्येक फोल्डर आता एकटा चालतो, म्हणजे एकटा उचलून देताही येतो. विचारलं तर म्हणालास, "अगं, सहजच." तुझं 'सहज' मी लहानपणापासून ओळखते. परवा वहिनी बोलता बोलता म्हणाली की सोमवारी ऑफिसात पाहुणे आहेत, म्हणून तू नवा शर्ट घेतलास. मला या पाहुण्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

तरी मी गप्प राहिले असते. पण काल 'सामायिक' उघडलं. आत आईचा आवाज. घशाच्या ऑपरेशनआधी स्वयंपाकघरात पंखा बंद करून तिच्याकडून वाचून घेतलेली ती सगळी वाक्यं. त्यांवरच तर आपला प्रोग्राम बोलायला शिकला. ती टाइप करते आणि स्वतःच्या आवाजात आपल्याला रागावते. 'सामायिक'मध्ये आहे म्हणजे कुठलाही भाग विकलास तरी तो आवाज सोबत जाणार. उद्या कुणीही परका आईच्या तोंडून वाटेल ते बोलून घेईल.

तो आवाज मी काढून घेतलाय. प्रोग्राम आता उघडतो, पण बोलत नाही. आईच्या टॅबलेटवर तेवढा तो अजून बोलतो. तिला सगळं सांगितलं. तिने टॅबलेट पुढे ओढून टाइप केलं, "त्याला फोन करू नकोस, गोड बोलून गुंडाळेल तुला. लिहून कळव. सोमवारी मी येतेय." म्हणून हे पत्र. पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडशील, त्यात तिची एक धर. आवाजाचं काय करायचं, ते तीच सांगणार आहे.

तुझ्यावर अजूनही विश्वास ठेवू बघणारी,
तुझीच धाकटी