गप्प बसवलेली गाडी

४ एप्रिल
आजपासून नवी नोकरी! गाड्यांना अलार्म बसवायचं दुकान. मालक फटकळ, पण मनाने चांगले वाटतात. म्हणाले, वायरी कुणीही जोडेल, खरी कसोटी सेन्सर लावण्यात. बंद गाडीत काही हललं की तो सायरन वाजवतो. किती हललं की वाजवायचा, ते एका बारीक स्क्रूवर ठरतं. पहिल्याच दिवशी तीन गाड्या उरकल्या. मालक काही बोलले नाहीत, म्हणजे खूश असणार.

९ एप्रिल
शाळेतल्या एक बाई आल्या, पार वैतागलेल्या. साधी माशी फिरली तरी गाडी बोंबलते, वर्ग सोडून पळत यावं लागतं, मुलं हसतात म्हणे. त्यांची तीन वर्षांची लेक भलतीच गोड! माझी सगळी हत्यारं मोजून झाली तिची, सातानंतर एकदम वीस. स्क्रू निम्म्याच्या खाली न्यायचा नाही, असा मालकांचा नियम. पण ते जेवायला गेले होते. म्हटलं, कटकटच मिटवू या. पार तळाला नेला.

१७ एप्रिल
मालकांनी सांगितलं. बाई घाईत होत्या, लेकीला पाळणाघरात सोडायचंच विसरल्या. ती मागच्या सीटवर झोपली होती. काचा बंद, भर उन्हाची वेळ. उठली असेल. रडली असेल. अलार्म वाजला नाही. वाजला असता तर बाई पळत आल्या असत्या.
देवा, काय करून बसलो मी!

२१ एप्रिल
तिच्या बाबांनी गाडी आणली. यातलं सगळं काढून टाका म्हणाले आणि चालत निघून गेले. सेन्सर काढला, वायरी तोडल्या. टेबलावर नुसता पडलाय, तरी त्याचा लाल दिवा लागतोय.

२२ एप्रिल
सायरनही काढलाय. तरी गाडी ओरडते — भर दुपारी. मालकांना ऐकूच येत नाही. धावत जाऊन दार उघडतो — सीट रिकामी. काचेवर आतून इवलेसे तळवे. पुसले. पुन्हा उमटले.

२३ एप्रिल
मालकांना खरं सांगायला गेलो — पक्कड मागून परत आलो. बाई स्वतःलाच दोष देतायत म्हणे. आणि मी —
पुन्हा ओरडली.

२४ एप्रिल
आत येऊन बसलोय. म्हटलं, निदान एकटी नको — दार उघडत नाही. काच बडवली — मालक समोरून गेले, वळलेही नाहीत. केवढं तापलंय —
मांडीवर वजन आलंय. हलकंसं. आई का नाही आली, विचारतेय. आली असती गं बाळा — तिला कळलंच नाही, कारण मी —