भोपळ्याला लागलेली दृष्ट

१० एप्रिल
गेल्या वर्षी वेलीला फुलंच फुलं, भोपळा एकही नाही. कारण सायंटिफिक आहे: मधमाश्या नाहीत. सगळ्या मार्गिलान शहरात हे कळणारा मी एकटाच. जन्मभर भूगोल शिकवलाय.
काल गापमध्ये, म्हणजे मित्रांच्या पाळीपाळीने होणाऱ्या बैठकीत, जाहीर केलं, ऑगस्टात बैठक माझ्याकडे, तेव्हा घरच्या भोपळ्याचं सारण भरून उकडलेले मान्ती. शेजारचा तोजीबोय म्हणाला, इनोम-आका, गेल्या वर्षीही हेच म्हणालात आणि बटाट्याचे खाऊ घातलेत! सगळे फिदीफिदी हसले. मी म्हणालो, यंदा जमलं नाही तर त्या बैठकीत तोंड उघडणार नाही. मग यांना ज्ञान कोण देणार? बघूच.

१४ एप्रिल
भोपळ्याचं बी टाकलं, शेजारी मधमाश्यांसाठी झेंडू पेरला. बायकोला, सानोबरला, बजावलं, कोंबड्या कोंड. ती म्हणाली, अहो, अंगण आधीपासून त्यांचं आहे, तुम्ही आत्ता रिटायर होऊन घरी बसलात.

२ मे
कोंबड्यांनी झेंडूची कोवळी रोपं फस्त केली. वर वाफ्यात लोळून धुळीची अंघोळ. निर्लज्ज जात!
सानोबर म्हणते, सब्जा लावा, उग्र वासाला त्या तोंड लावत नाहीत. सब्जा! दारोदार म्हाताऱ्या लावतात तो!

५ मे
सब्जा लावला. कल्पना माझीच. ती फक्त आधी बोलली.

२० जून
सब्जा फुलला. मधमाश्या आल्या! तिथून भोपळ्याच्या फुलांवर. दोन तास खुर्ची टाकून बघत बसलो.

२९ जून
पहिला भोपळा, लिंबाएवढा. तोजीबोय भिंतीवरून डोकावला. म्हणाला, वा, काय सुरेख धरलाय! पण दृष्ट लागू नये म्हणून म्हणतात ते ‘माशाल्ला’ म्हणाला नाही. मुद्दाम.

३ जुलै
भोपळा पिवळा पडून गळला. मी विज्ञानाचा माणूस, पण तोजीबोयची नजर वाईट, हेही विज्ञानच. दृष्ट काढायच्या इसिरीकच्या वाळक्या जुड्या आणल्या. आजपासून वेलीला दोन्ही वेळा धुरी.

१२ जुलै
बागेत एकही मधमाशी नाही. दृष्ट भलतीच जबर दिसते. धुरी दुप्पट केली.
सानोबर खोकत खोकत म्हणाली, अहो, धुरात माश्या थांबतील का? पोळं काढणारे धूरच करतात ना? मी म्हणालो, तो साधा धूर. हा पवित्र. शिक्षण नसलं की असं होतं.

२६ जुलै
वेलीवर फक्त पानं. धुरी देताना वाफ्याच्या कुंपणाचं फाटक उघडं राहिलं, कोंबड्यांनी खालची फुलं खाल्ली. फाटक लावणं हे शिक्षकाचं काम आहे का?
तोजीबोयच्या भिंतीवर मात्र भोपळे लोंबतायत. माश्या तिकडेच घोंघावतात. त्याच्याकडे एक फुलझाड नाही, की डोकं नाही.

९ ऑगस्ट
गाप झाली. मान्ती भोपळ्याचेच. भोपळा सकाळी तोजीबोयने पाठवला. निरोप असा: इनोम-आका, तुमच्या धुराने माश्या आमच्याकडे मुक्कामाला आल्या, हा तुमचा वाटा.
शब्द दिला होता, म्हणून गप्प बसलो. वाटलं, कुणीतरी म्हणेल, जाऊ द्या हो, बोला. कुणी म्हणालं नाही. तोजीबोय गायला. एरवी मुका बसणारा सोबिर, त्यानेसुद्धा किस्से सांगितले. माणसं पोट धरधरून हसली.
जाताना प्रत्येकाने सानोबरला दारातून ओरडून सांगितलं, वहिनी, इतकी रंगलेली गाप कित्येक वर्षांत झाली नव्हती.
फार लागलं. ते तिला सांगायला गेलो, तर ती कोंबड्यांना उरलेले मान्ती घालत होती. म्हणाली, थांबा हो, यांचं खाऊन होऊ द्या.