उकिरडाजी, दगडू आणि तू

वडीगोद्री
ता. ९ फेब्रुवारी २०२५

चिरंजीव कल्याणला आईचा आशीर्वाद.

आधी वळख सांगते, म्हणजे कोणाचं पत्र म्हणून डोकं खाजवत बसू नको. मी सगुणाबाई. तुला जन्म देणारी. तीन वर्सांत इसरला असशील. हात तुझ्या भावाच्या, बबलूच्या अक्षताचा हाय, तोंड माझं. ती म्हणते, "आज्जे, शुद्ध लिहू का?" म्हणलं, जसं बोलते तसं लिही. जास्त शुद्ध आलं तं तो म्हणंल, ही आपली आई न्हाईच.

इथं समदे बरे. कापूस वेचून झाला. माझे गुडघे बोलतात, मी ऐकत न्हाई.

खबर अशी की रामप्रसाद भाट वंशावळीची वही घेऊन आलाय. पारावर बसून त्यानं आपल्या घराण्याची नावं वाचली अन् पोरं हसून लोळली. तुझ्या पणज्याचा बाप उकिरडाजी. अख्खं गाव त्याच्यापुढं वाकायचं, अन् नाव उकिरडा! त्याचा लेक दगडू, दगडूची बायको धोंडाबाई. ह्या दोघांचं भांडण झालं की अंगणात खडीच पडत असंल. मंग केरबा, मंग तुझा बाप भिकू. अक्षता म्हणली, "आपल्यात एकाला तरी धड नाव होतं का?"

भाट म्हणला, "पोरी, ज्यांना धड नावं होती ते वहीत चढायच्या आधीच गेले."

समदे हसले. मी न्हाई हसले.

मंग वाचत वाचत तो तुझ्या नावापाशी आला. "सगुणाबाई, थोरल्याचं नाव काय चढवू?" रीत तुला ठाऊक हाय. घरातल्या मोठ्या माणसानं पारावर मोठ्यानं बोललेलं नावच चढतं, अन् चढलं की खोडत न्हाई. मी म्हणलं, थांब, शनिवारी सांगते.

तुझ्या लेकीच्या, आकांक्षाच्या लग्नात, तिकडं जालन्यात, तुझ्या साहेबलोकांपुढं मी "ए कचरू, पाणी आण" म्हणले. व्याही हसले. तू म्हणला, "पोटच्या पोराला कचरा म्हणणारी आई तू एकटीच." त्या दिवसापासून तुझी वाट वडीगोद्रीला येत न्हाई. शाळेत गुरुजींनी कल्याण लिहिलं, ते तू धरलं. बराबर केलं.

आता ऐक. तू थोरला न्हाईस. तू तिसरा.

पहिला गिरिधर, अकरा महिन्यांचा गेला. दुसरा बद्रीनाथ, त्याला महिनाबी भरला नव्हता. लोक वळून बघतील अशी नावं ठेवली होती आम्ही. मंग तू झाला. तुला उकिरड्यावर ठेवलं, शेजारच्या तुळजाबाईनं उचललं, अन् मी सूपभर ज्वारी देऊन तिच्याकडून तुला परत घेतलं. नाव ठेवलं कचरू. मरणानं दारात यावं, नाव ऐकावं अन् नाक मुरडून जावं. गेलं. आज एकोणसाठ वर्सांचा हाईस.

त्या दोघांचं नाव मी तुझ्यापुढं कधी काढलं न्हाई. भ्या वाटायचं. त्यांनी तुला खेळायला बोलावलं तं?

अक्षता रडून राह्यली. तिला म्हणलं, कागद भिजवू नको, घरात दुसरा न्हाई.

शनिवारी मी काय बोलणार ते सांगते, इचारत न्हाई. गिरिधर. बद्रीनाथ. कल्याण. मंग बबलू. कचरू मी वहीला देणार न्हाई. ते नाव माझं हाय. मी मरेपर्यंत त्याच नावानं हाक मारीन, अन् तू ओ देशील. भावांची नावं चढताना पारावर उभं राह्यचं असंल तं सकाळी जल्दी ये.

तुझी, अन् त्या दोघांचीबी आई,
सगुणाबाई (अंगठा)

ता. क. गिरिधरचे पेढे वाटले होते, बद्रीनाथचेबी वाटले. तुझे राह्यले. कचऱ्याचे पेढे कोण वाटतं? तवा गावभर पुरतील एवढे पेढे पाठव. तू आला तं घेऊन ये, न्हाई तं अंबडच्या येष्टीत कंडक्टरपाशी दे. खव्याचे घे, बिलकुल मऊ. मला दात न्हाईत, अन् पहिला पेढा मी खाणार हाय.