चुन्याची निवळी

१२ जानेवारी १९८४
पाणी नितळ झालं! पवईच्या तलावामागे बसणाऱ्या बुवांकडे आज तिसरी खेप. बायकोने, विमलाने, पपईच्या देठातून मंतरलेल्या पाण्यात फुंकलं. पाणी दुधासारखं पांढरं — आजार बाहेर पडतोय म्हणे. मागच्या दोन खेपांना तिथेच थांबवलं होतं. आज बुवा म्हणाले, फुंकत राहा. बायको घामेजली, पण थांबली नाही, आणि पेला पुन्हा स्वच्छ! क्षय गेला. गोळ्या बंद.

घरी येऊन गोळ्यांची बाटली मीच गटारात रिकामी केली. म्युनिसिपालटीचा डॉक्टर तर दीड वर्ष घ्या सांगत होता!

बुवांचा पत्ता लागला तो माझ्या कानांमुळे. गिऱ्हाइकं आपापसांत कुजबुजतात, मी रंग ढवळता ढवळता ऐकतो. संपात गिरणी सुटली तेव्हा घाटकोपरचा हा रंगाच्या दुकानाचा गाळासुद्धा असाच, दोघांचं बोलणं ऐकून पटकावला.

१५ जानेवारी
विमला खोकते. कमी खोकते, असं मी सगळ्यांना सांगतो.

१९ जानेवारी
शाळेला फुकट रंग दिला म्हणून विज्ञान प्रदर्शनाला प्रमुख पाहुणा — मी, चौथी पास! झकास फेटा बांधला. फीत कापली. हाडांचा सांगाडा, फुग्यांची फुप्फुसं बघत पुढे गेलो. सातवीतली जयंती नावाची पोरगी पेला घेऊन उभी, त्यात काचेची नळी.

“काका, फुंका ना.”

फुंकलं. पाणी पांढरं! म्हणजे मलाही?

पोरगी हसली. म्हणाली, सगळ्यांचंच होतं. आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो आणि ही चुन्याची निवळी आहे. विज्ञानाच्या सुलक्षणाबाईंनी दुसऱ्या पेल्यात फुंकलं. पांढरं. शिपाई धोंडिरामने फुंकलं. पांढरं.

मी हळूच विचारलं, आजारी माणसाने फुंकलं तर?

“तरी पांढरंच. आणि फुंकतच राहिलात तर परत नितळ होतं.”

फुंकत राहिलो. छाती भरून आली. डोळ्यांसमोर काजवे. आणि पाणी — नितळ!

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खुर्ची मागितली.

चुना! गोण्यांच्या गोण्या विकतो मी. दुकानातल्या पिंपात चुना खाली बसला की वर तेच पाणी, रोज सकाळी बघतो. बुवांचा शिष्य कळीचा चुना माझ्याकडूनच नेतो — मला वाटलं मठ रंगवतायत! आणि त्या पेल्यावर विसंबून मी बायकोची औषधं गटारात ओतली. भाषण केलं नाही. सत्काराचा नारळ तिथेच टाकून घरी पळालो.

२० जानेवारी
सकाळीच विमलाला दवाखान्यात नेलं. वाटेत सगळं सांगितलं. डॉक्टरांनी छातीचा नवा फोटो काढला, जुन्याच्या शेजारी उजेडात धरला. म्हणाले, डाग सुकतोय बाई, गोळ्या वेळेवर घेताय, अशाच घ्या.

मी तिच्याकडे बघतोय, ती पंख्याकडे.

बाहेर आल्यावर आपल्या मालवणीत बोलली, “गोळये मी सोडूकच नाय. तुमका बरां वाटूचां म्हणान थंय फुकीत रवलंय.”

भाजीला जाते सांगून दवाखान्यात जायची. बाटली नवीन आणली होती, तांदळाच्या डब्यात! घरातल्या घरात एवढं चाललेलं, आणि या कानांना पत्ता नाही. मी रस्त्यात हसलो की रडलो, मलाच कळलं नाही. विमला म्हणाली, लोक बघतायत.

डॉक्टर म्हणाले होते, घरातल्या सगळ्यांचे फोटो काढा. घरात आम्ही दोघंच. मला काय धाड भरलीय! तरी उभा राहिलो, छाती पुढे काढून.

२३ जानेवारी
माझा फोटो आला. उजवीकडे, वरच्या बाजूला — डाग.

विमलाने माझ्या तळहातावर गोळ्या ठेवल्या आणि गिळेपर्यंत समोरून हलली नाही.